नाव आधी काढा, कॉफीचं नंतर बोलू

ताई, मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. वय ३८. एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. घर वन बीएचके, सासऱ्यांचा टीव्ही दिवसभर चालू, मुलगी दहावीला. म्हणून राम मारुती रोडजवळच्या गल्लीतल्या एका लहानशा कॅफेत आठवड्यातून दोनदा तरी लॅपटॉप घेऊन बसते. सहा टेबलं, एक मशीन, मालक स्वतः आणि हाताखाली दोन मुलं. जुलैतल्या एका शनिवारी चार वाजता गेले. बाहेर धो धो पाऊस. कॅपुचिनो सांगितली, ती पंचवीस मिनिटांनी आली. कोमट आणि आंबट. मी काही बोलले नाही, प्यायले. साडेपाचला काउंटरवरचा मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, अजून काही घेणार का? बाहेर लोक थांबलेत." मला फार अपमान वाटला. बिल मागवलं तर २२० च्या कॉफीवर २२ रुपये सर्व्हिस चार्ज. रात्री घरी येऊन एक स्टार दिला, त्या मुलाच्या शर्टावरचं नाव घालून "उद्धट स्टाफ" असं लिहिलं. मालकाचं उत्तर आलं, "आम्ही दिलगीर आहोत, योग्य ती कारवाई केली आहे." दोन आठवड्यांनी मैत्रीण तिथे गेली तर तो मुलगा नव्हता. तेव्हापासून मला झोप नाही. नवरा म्हणतो, पैसे मोजलेत, लिहिण्याचा हक्क आहे. माझं चुकलं का? रिव्ह्यू काढून टाकू का? आणि तिथे परत कोणत्या तोंडाने जाऊ?
– एक वाचक, पाचपाखाडी

*

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "मॅडम, अजून काही घेणार का? बाहेर लोक थांबलेत." त्या मुलाचे शब्द तुम्ही जसेच्या तसे दिलेत, आपल्या बाजूने तिखटमीठ लावलं नाहीत, हे मला आवडलं. पण त्या वाक्यात उद्धट काय आहे ते मला सापडलं नाही. तुम्हालाही सापडलेलं नसणार, नाहीतर झोप उडाली नसती.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. रिव्ह्यू लिहिण्यात तुमचं काही चुकलं नाही. त्यात त्या मुलाचं नाव घालणं चुकलं, आणि "उद्धट" हा शब्द चुकला. बाकीच्या तक्रारींत काही खऱ्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या. त्या सगळ्यांचं मिळून एक गाठोडं झालं आणि ते समोर उभ्या असलेल्या एकाच माणसाच्या डोक्यावर पडलं. ज्याने मेन्यू ठरवला नाही, बिलाचं मशीन लावलं नाही, टेबलं किती ठेवायची हे ठरवलं नाही, त्याच्या डोक्यावर. ते गाठोडं आपण सोडून बघू, कारण प्रत्येक वस्तूचा मालक वेगळा आहे.

आधी कॉफी. कोमट होती म्हणता. आपल्या घरांत चहा उकळतो, कपात ओततो, ओठ पोळतील असाच पितो. कॉफीसुद्धा आपल्याकडे दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली. लग्नघरात रात्रीच्या जागरणाला केलेली ती कॉफी आठवा. तिच्या वाफेने चष्म्याची काच धुरकट व्हायची. कॅपुचिनोची गोष्ट वेगळी आहे. तिचं दूध वाफेवर साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, कारण तेवढ्यात दुधाचा गोडवा सर्वात जास्त जाणवतो. ७० च्या पुढे गेलं की उतू गेलेल्या दुधासारखा वास यायला लागतो आणि फेसही जाड, कोरडा होतो. म्हणजे चहाच्या सवयीच्या जिभेला चांगली केलेली कॅपुचिनोही कोमटच लागते. तो दोष नाही. "जरा जास्त गरम द्या" असं ऑर्डर देतानाच सांगितलं की देतात. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

पण तुमचा कप खरंच थंड झालेला असेल, तर ते ओळखता येतं. नुकत्याच ओतलेल्या कपावरचा फेस चकाकतो, रंगाच्या नव्या डब्यासारखा दिसतो, आणि चमचा फिरवला तर खालच्या कॉफीत सहज मिसळतो. कप काउंटरवर पाच-सात मिनिटं तसाच राहिला असेल तर फेस वर वेगळा बसतो, टोपीसारखा, त्यावर लहान-मोठे बुडबुडे दिसतात, आणि त्याखालची कॉफी पातळ लागते. तसा कप आला तर तो हक्काने परत करायचा. "हा थांबून राहिलेला दिसतोय, बदलून द्याल का?" एवढं पुरतं.

आंबटपणाचंही दोन प्रकारचं असतं, आणि हे मी जरा सविस्तर सांगते, कारण या नव्या कॅफेंबद्दल मला येणाऱ्या पत्रांत ही तक्रार नेहमी असते. चिकमगळूर, कोडगू इथली अरेबिका जातीची कॉफी हलकी भाजली की तिला अंगचाच एक आंबूस स्वाद असतो. कोकमाच्या सारासारखा, मागून गोडसर. तो मुद्दाम राखलेला असतो. दुसरा आंबटपणा चुकीचा. तो जिभेच्या कडांना झोंबतो आणि लगेच पाणचट होतो. कॅपुचिनोत दुधाखाली जी कडक काळी कॉफी असते, ती एस्प्रेसो. तिच्यासाठी बारीक दळलेल्या पुडीतून गरम पाणी दाबाने जातं, साधारण २५ ते ३० सेकंद लागायला हवेत. पूड जाड पडली की पाणी पंधरा सेकंदांत निसटतं आणि कपात फक्त आंबट भाग उतरतो. हवेतला दमटपणा बदलला, पुडीचं नवं पाकीट फोडलं की दळण्याचं माप पुन्हा जुळवावं लागतं. जुलैतला शनिवार, दारात छत्र्यांची गर्दी, एक मशीन. ते माप जुळवायला दोन-तीन कप ओतून द्यावे लागतात, आणि त्या वेळी त्या मुलाच्या हातात ती तीन मिनिटं नसतील. दोष आहेच. पण तो दुकानाच्या घडीचा दोष आहे, मुलाच्या वागण्याचा नव्हे. आणि तुम्हाला मुळात आंबूस कॉफी मानवत नसेल तर जास्त भाजलेली मागा, किंवा रोबस्टा ही दुसरी जात मिसळलेली. मालाबारची मान्सून्ड कॉफी मिळाली तर ती घेऊन बघा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून ती बी फुगवतात, त्यात तिचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. आपल्या पावसाचंच काम आहे ते, म्हणून मला ती फार आवडते.

पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, यात चूक दुकानाचीच. कारण मात्र समजून घ्या. पूड दळणं, दाबणं, एस्प्रेसो काढणं, दूध तापवणं, ओतणं, मग वाफेची नळी पुसणं. एका दुधाच्या कॉफीला अडीच-तीन मिनिटं जातात. तुम्हाला समोर चार माणसं दिसली असतील. मशीनच्या बाजूच्या छोट्या पडद्यावर घरपोच मागवलेल्या आणखी पाच ऑर्डरी असतील, ज्यांचे डिलिव्हरीवाले रेनकोट घालून दारात उभे होते. हे सगळं तुम्हाला कळायचं कारण नाही. पण ऑर्डर घेताना "वीस-पंचवीस मिनिटं लागतील, चालेल का?" एवढं विचारणं दुकानाचं काम होतं. ते विचारलं असतं तर तुम्ही कदाचित थांबलाही असता, आणि चिडला नसता.

सर्व्हिस चार्जबद्दल तर तुमची बाजू अगदी पक्की आहे, आणि नेमक्या याच गोष्टीवर तुम्ही रिव्ह्यूत एक अक्षर लिहिलेलं नाही! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाखालीही घ्यायचा नाही, द्यायचा की नाही हे ग्राहक ठरवणार. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या. तेव्हा पुढच्या वेळी बिल हातात आल्यावर शांतपणे म्हणायचं, "हे २२ रुपये काढून बिल परत द्या." नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. हा पैसा म्हणजे जीएसटी नव्हे. जीएसटी हा कर आहे आणि तो द्यावाच लागतो. कुणाच्या कामावर खूश होऊन वर काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

राहिलं टेबल. इथे मी तुमच्या बाजूने नाही. चार ते साडेपाच, शनिवारची संध्याकाळ, पाऊस, सहा टेबलं, एक कॉफी. राम मारुती रोडच्या परिसरात गाळ्याचं भाडं काय असतं हे तुम्ही, हिशेबातल्या बाई, माझ्यापेक्षा चांगलं जाणता. ते भाडं या शनिवार-रविवारच्या संध्याकाळीच निघतं. मंगळवारी सकाळी अकराला तुम्ही एका कॉफीवर दोन तास बसलात तर कुणाची हरकत नसावी, उलट रिकाम्या दुकानात कुणी बसलेलं दिसलं तर रस्त्यावरचा माणूस आत येतो. त्याच खुर्चीचा शनिवारचा हिशेब वेगळा. मात्र वेळेची मर्यादा असेल तर ती दारावर किंवा मेन्यूवर लिहिलेली हवी, बसायच्या आधी कळायला हवी. तशी पाटी नव्हती, म्हणून ते वाक्य तुम्हाला अंगावर आल्यासारखं वाटलं. पाटी लावणं मालकाचं काम. त्याने ते केलं नाही म्हणून ते अवघड वाक्य दोन मुलांपैकी एकाला बोलावं लागलं. माझी खात्री आहे, तुमच्याकडे यायच्या आधी तो मुलगा काउंटरमागे दोन मिनिटं घुटमळला असेल.

तुम्हाला घरात जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ठाण्यात आपल्याला कुठे निवांत बसायचं तर पैसे मोजूनच बसावं लागतं, असं झालंय. तलावपाळीचा कट्टा पावसात निरुपयोगी. १८९३ पासून चालत आलेलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पण तिथे फोनवर व्हाउचरची चर्चा करता येणार नाही. म्हणून त्या कॅफेची खुर्ची तुमच्यासाठी कॉफीपेक्षा मोठी आहे, आणि तिथून उठवलं गेल्यावर जे लागलं ते कोमट कपापेक्षा कितीतरी खोल लागलं. हे मला कळतं. हे त्या मुलाला कळणं शक्य नव्हतं.

आता एक घरची गोष्ट सांगते. माझ्या मावशीचं नौपाड्यात पोळी-भाजी केंद्र होतं. शाळा सुटली की डबे पोचवायला मी जायचे. एका गुरुवारी आमटीत मीठ दोनदा पडलं. पहिले सहा डबे गेले होते. बँकेतले एक गृहस्थ, बाराला जेवायचे, ते अर्धा डबा तसाच झाकून दारात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आमटी जरा चाखून बघा." मावशीने बोट बुडवून चाखली, एकदम खाली बसली, आणि लगेच उठून उरलेले चौदा डबे उघडले. डाळ होती ती घोटून घातली, पाणी वाढवलं, गूळ घातला. चौदा माणसं त्या दिवशी नीट जेवली. त्याच सुमाराला दुसऱ्या एका बाईंनी डबा बंद केला. कारण सांगितलं नाही. नंतर कुणाकडून तरी कानावर आलं की त्या सोसायटीभर सांगत होत्या, "तिच्याकडे आता राम राहिला नाही." मावशी कित्येक महिने पोळ्या लाटता लाटता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "काय गं चुकलं असेल माझं?" तिला ते कधीच कळलं नाही.

त्या शनिवारी तुमच्या हातात कप होता आणि मशीन आठ पावलांवर होतं. तुम्ही उठून सांगितलं असतं तर कप बदलून मिळाला असता, मागच्या टेबलांचे कपही सुधारले असते. आपण मराठी माणसं समोर "छान आहे" म्हणतो आणि जिन्यात आल्यावर बोलतो. ही भीड मला ठाऊक आहे, माझ्यातही आहे. पण जिन्यातलं बोलणं पूर्वी जिन्यातच राहायचं. आता ते कायमचं लिहून राहतं, आणि जिथे दोनच मुलं कामाला आहेत तिथे नुसतं पहिलं नाव लिहिलं तरी तो कोण हे सगळ्या गल्लीला कळतं.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी नाकारत नाही. पैसे मोजलेत, कॉफीबद्दल लिहिण्याचा हक्क आहे. पण २२० रुपयांत त्या मुलाच्या नोकरीबद्दल निकाल देण्याचा हक्क आला असं मला वाटत नाही. अशा दुकानांत काम करणारी बरीच मुलं बाहेरगावची असतात. कळव्यात, दिव्यात चौघं मिळून एक खोली, रात्री शटर ओढून शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडायची. तुमचा तो मुलगा असाच असेल असं मी म्हणत नाही. त्याचं तुम्हाला काहीच माहीत नाही, मलाही नाही, एवढंच म्हणते.

आणि तो तुमच्यामुळेच गेला, हेही अजून तुम्हाला माहीत नाही. मैत्रीण गेली त्या दिवशी त्याची सुट्टी असेल. परीक्षा असेल. जास्त पगाराची नोकरी मिळाली असेल. किंवा खरंच काढलं असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि ते विचारायला तुम्हालाच जावं लागेल.

रिव्ह्यू काढून टाकू नका. काढलात तर सर्व्हिस चार्जची आणि थांबण्याची खरी तक्रार मांडायची जागाही जाईल, आणि मालकाच्या मनात मात्र "तो मुलगा उद्धट आहे" एवढंच राहील. बदला. लिहिलेला रिव्ह्यू दुरुस्त करता येतो, स्टारही बदलता येतात. साधारण असं लिहा, शब्द तुमचे घाला:

"माझा आधीचा रिव्ह्यू मी दुरुस्त करत आहे. त्यात मी एका कर्मचाऱ्याला उद्धट म्हटलं होतं, ते योग्य नव्हतं. तो माझ्याशी नम्रपणेच बोलला होता. शनिवारी संध्याकाळी कॉफीला पंचवीस मिनिटं लागली, ते ऑर्डर घेताना सांगायला हवं होतं. कॉफी आंबट होती. बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला, तो लावू नये. बसण्याच्या वेळेची मर्यादा असेल तर दारावर लिहावी. आठवड्यातल्या सकाळी इथे शांतता असते आणि मी इथे बऱ्याचदा येते."

शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून घाला. तुम्ही त्या दुकानाच्या नेहमीच्या गिऱ्हाईक आहात, हे तुमच्या एका स्टारमधून कुणालाच कळत नव्हतं.

मग मंगळवारी जा. शनिवारी नको, गर्दीत मालकाला उभं राहायलाही वेळ नसेल. अकराच्या सुमाराला जा, मालक असेल तर आधी कॉफी सांगा, आणि काउंटरशीच उभं राहून बोला. "तो रिव्ह्यू माझा. त्या दिवशी मी दुसऱ्याच कारणाने दुखावले होते. तुमचा मुलगा नीट बोलला होता. तो आहे का अजून?" आडवळणाने जाऊ नका, कॉफीच्या कौतुकाने सुरुवात करू नका. तो असेल तर त्याच्याशी दोन वाक्यं बोला आणि सोडा. माफी लांबवली की तिचं ओझं त्याच्यावर येतं, आणि त्याला समोरची ऑर्डर करायची असते.

तो दुसरीकडे गेला असेल तरी मालकाला जे सांगायचं ते सांगाच. त्याला कुणी त्या मुलाबद्दल विचारलं तर "त्याची तक्रार आली होती" असं त्याने म्हणू नये, म्हणून. आणि काढलंच असेल, तर स्पष्ट विचारा, त्याला परत बोलावता येईल का. मालक नाही म्हणाला तर तुमच्या हाती फार उरत नाही. "माझा निरोप त्याला कळवा, आणि कुणी त्याच्या कामाबद्दल विचारलं तर चांगलं सांगा," एवढं मागा. त्याचा नंबर मागू नका, त्याला शोधत फिरू नका, पैसे पाठवायच्या भानगडीत पडू नका. तुमचं मन हलकं करण्याचं काम त्याच्याकडे सोपवायचं नाही. काढलं असेल तर ती बोच काही दिवस राहील, आणि ती राहावी असं मला वाटतं.

हे सदर कॅफेवालेही वाचतात, म्हणून त्या मालकाला आणि त्याच्यासारख्यांना एक सांगते. "योग्य ती कारवाई केली आहे" हे उत्तर वाचून मला राग आला. कसली कारवाई? त्या मुलाला विचारलंत का, त्या दिवशी काय झालं? तुम्ही बिलातून सर्व्हिस चार्ज काढलात का, दारावर वेळेची पाटी लावलीत का, शनिवारी घरपोच ऑर्डरी तासभर बंद ठेवता येतील का याचा विचार केलात का? एका स्टारची भीती मोठी असते, नवीन दुकानाच्या तो जिवावर बेततो, हे मान्य. पण गिऱ्हाइकाला अवघड गोष्ट सांगायला ज्याला तुम्ही पुढे पाठवता, त्याच्या मागे तुम्हीच उभं राहायचं असतं.

तुमचं नेहमीचं बसणं चालू ठेवा. मालकाशी बोलणं होईल तेव्हाच विचारून घ्या, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी तुम्ही निवांत बसलेल्या चालतील. दोन तास बसणार असाल तर मध्ये काहीतरी मागवा, निदान एक टोस्ट. कप हातात आला की पहिला घोट घेऊन लगेच बोला, चांगला असला तरी बोला.

पण हे सगळं मंगळवारचं. रिव्ह्यूतलं त्या मुलाचं नाव आज रात्रीच काढा. त्यासाठी कॅफेत जायला लागत नाही.